तोंडं मोजायची का जमीन?

हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या.

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत भांडण झालं. हप्त्यावरून नाही, पाण्यावरून. आमच्यातल्या सहा घरांची सामाईक विहीर आहे. रब्बीला मोटर कुणी किती तास चालवायची? एक वहिनी म्हणाल्या, "जिची जमीन जास्त, तिचं पाणी जास्त." तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली एक मावशी बोलली, "माझं दहा गुंठ्यांचं तुकडं. पण घरात खाणारी पाच. तोंडं मोजायची का जमीन?" सगळ्या गप्प झाल्या. मलाही उत्तर सुचेना.

हाच प्रश्न पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या नायगावात एका इंजिनिअरनं सोडवला होता. विलासराव साळुंखे त्यांचं नाव. पुण्यात त्यांचा कारखाना होता. 1972 च्या दुष्काळात त्यांनी माणसांना खडी फोडताना पाहिलं. खडी फोडून आजचं पोट भरेल, पण पुढच्या दुष्काळाचं काय, असं त्यांच्या मनात आलं. कारखाना सांभाळून ते गावात येऊ लागले. पत्नी कल्पनाताईही बरोबरीनं कामाला लागल्या. देवस्थानची 40 एकर माळजमीन त्यांनी कसायला घेतली. उताराला बांध घातले, खाली पाझर तलाव केला, त्याच्याखाली विहीर घेतली आणि ते पाणी उचलून वरच्या शेताला दिलं. माळ पिकला.

इंजिनिअरचं काम इथं संपलं असतं. पण खरं काम पुढं होतं, ते म्हणजे वाटणी. लोकांना बरोबर घेऊन पाणी पंचायतीचे नियम ठरले. पाणी माणशी मिळणार, अर्ध्या एकराला पुरेल इतकं. एका घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही, कारण एकाच्या उसात चौघांची ज्वारी सुकते. आणि खर्चातला पाचवा हिस्सा लोकांनी स्वतः भरायचा, म्हणजे योजना आपली वाटते. पुढं सगळ्याच योजना टिकल्या नाहीत, हेही सांगते. पण माणशी पाणी हा विचार टिकला.

मी बैठकीत हे सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "पण आपलं पाणी किती, ते तर कळू दे." बरोबर होतं. मग आम्ही मोजलं. तुम्हालाही जमेल. 15 लिटरची बादली पाइपाखाली धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. आमची पाच सेकंदांत भरली. म्हणजे सेकंदाला 3 लिटर, तासाला 10,800. अर्ध्या एकरावर एक इंच पाणी द्यायला साधारण 50,000 लिटर लागतं. म्हणजे पावणेपाच तास. दुसरं, दोरीला हात-हातावर गाठी मारून विहिरीत सोडा. दर सोमवारी किती गाठी भिजल्या ते गटाच्या वहीत लिहा. मोटर थांबवल्यावर रात्रीतून किती गाठी पाणी वाढलं, तेही लिहा. आपली खरी कमाई ती. बाकीची शिल्लक समजा. शिल्लक मोडून किती दिवस घर चालतं, हे बचत गटातल्या बाईला वेगळं सांगायला नको.

वहीत आकडे आले आणि आवाज खाली आले. यंदा आमच्याकडं निम्मं पाणी माणशी आणि निम्मं जमिनीप्रमाणे ठरलंय. मावशीला आठवड्यातून एक पाळी मिळते. तिनं हरभरा पेरलाय. वहिनी अजून थोड्या नाराज आहेत, पण वहीवर पहिली सही त्यांचीच आहे.

तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एवढंच विचारा: आपलं पाणी किती, खाणारी तोंडं किती, आणि वही कोण ठेवणार? भांडण होईल. होऊ द्या. पाणी आटल्यावर भांडण्यापेक्षा ते असताना भांडलेलं बरं.

येते. नमस्कार.