ज्ञाता अभ्यासक्रमात आला तेव्हा

जिनिव्हा येथे 1968 मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट म्हणजेच आयबी या संस्थेच्या दोन वर्षांच्या डिप्लोमात सहा विषयांखेरीज ‘थिअरी ऑफ नॉलेज’ सक्तीचे असते. विद्यार्थी त्याला टीओके म्हणतात. मुळशी तालुक्यातील महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजात आणि मुंबई-पुण्याच्या आयबी शाळांत अकरावी-बारावीच्या वयाची मुले ते शिकतात. रसायनशास्त्राच्या तासाला एखादी गोष्ट कशाच्या बळावर खरी मानली आणि इतिहासाच्या तासाला तेवढे बळ का पुरत नाही, हा त्याचा विषय.

या अभ्यासक्रमाचा कणा बरीच वर्षे ‘ज्ञानमार्ग’ हा होता. आधी मार्ग चार होते: इंद्रियानुभव, भाषा, तर्कबुद्धी आणि भावना. 2015 पासून परीक्षेला लागू झालेल्या आराखड्याने कल्पनाशक्ती, श्रद्धा, अंतःप्रज्ञा आणि स्मृती यांची भर घालून ते आठ केले. येथे भारतीय दर्शनांतल्या प्रमाणांची, म्हणजे ज्ञानाच्या साधनांची, आठवण होणे साहजिक आहे. नैयायिक प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशी चार प्रमाणे मानतात; भाट्ट मीमांसक अर्थापत्ती व अनुपलब्धी धरून सहा; चार्वाकाला प्रत्यक्ष पुरते. मात्र दर्शनकार एकेका प्रमाणासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडले. एका आवृत्तीत चाराचे आठ झाले की पोरे यादी पाठ करणार, हे ओघानेच आले.

2020 मध्ये आलेल्या आणि 2022 च्या परीक्षेपासून लागू झालेल्या आराखड्याने ही यादीच काढून टाकली. केंद्रस्थानी ‘ज्ञान आणि ज्ञाता’ हा गाभा आला. माणूस कोठे वाढला, कोणावर विश्वास ठेवतो, कोणत्या समूहात मोडतो, यांचा त्याच्या ज्ञानाशी संबंध काय, हे आता प्रथम विचारले जाते. सोबत तंत्रज्ञान, भाषा, राजकारण, धर्म आणि मूलनिवासी समाज या पाचांपैकी दोन विषय निवडायचे असतात. ज्ञानक्षेत्रे आठावरून पाचावर आली: गणित, निसर्गविज्ञाने, मानवविज्ञाने, इतिहास, कला. नीतिशास्त्राचे स्वतंत्र दालन गेले. व्याप्ती, दृष्टिकोन, पद्धती आणि नीती या चौकटीतून ते आता प्रत्येक क्षेत्रात शिरते. ही सुधारणा खरी. धर्म आणि मूलनिवासी समाज मात्र ऐच्छिक असल्याने शाळेने ठरवल्यास दोन्ही टळू शकतात, आणि भारतातल्या शाळांपुरती ही उणीव लहान नाही.

मूल्यमापनातला बदल अधिक ठळक आहे. सोळाशे शब्दांच्या मर्यादेतला निबंध कायम राहिला. तोंडी सादरीकरण जाऊन ‘प्रदर्शन’ आले. पूर्वी तिघांपर्यंतचा गट चाले. आता प्रत्येकाने एकट्याने, आयबीने ठरवून दिलेल्या 35 प्रश्नांपैकी एक जसाच्या तसा घेऊन, तीन प्रत्यक्ष वस्तूंच्या आधारे 950 शब्दांत उत्तर मांडायचे. वस्तू सर्वसाधारण चालत नाही. ‘सातबारा’ पुरत नाही; अमुक शेताचा, अमुक फेरफारानंतरचा उतारा लागतो. ज्ञान म्हणून काय धरले जाते, असा प्रश्न असेल तर तो उतारा, सोलापुरातून निघणाऱ्या दाते पंचांगाची एखाद्या घरातली खुणा केलेली प्रत आणि आजीच्या हातची औषधाची चिठ्ठी, एवढ्यावर चांगली मांडणी होते. ‘भाषा’ या विषयासाठी तर अक्कलकोट तालुक्यातले मैंदर्गी उत्तम जागा: घरात कन्नड आणि शाळेत मराठी असलेल्या मुलाला, एका भाषेत कळलेले दुसरीत कितपत उतरते, हा प्रश्न पुस्तकातून शोधावा लागत नाही.

राज्य मंडळाच्या कला शाखेत टीओकेच्या सर्वांत जवळचा विषय म्हणजे तर्कशास्त्र. तेथे विधाने, अनुमानाचे नियम, सत्यता-कोष्टके आणि तर्कदोष यांचा कसून सराव होतो. विधान करणारा कोण, हे विचारले जात नाही. टीओकेत नेमके उलटे झाले आहे. ज्ञात्याची विचारपूस वाढली आणि अनुमान तपासण्याची शिस्त शिक्षकाच्या मर्जीवर राहिली. तरीही विषयाला बगल देता येत नाही: त्यात सर्वांत खालची ‘ई’ श्रेणी मिळाली, तर इतर विषयांत कितीही गुण असले तरी डिप्लोमा मिळत नाही.