हिप्नोबर्थिंगचा क्लास: बॅचमध्ये की एकट्याने?

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरी येत्या काही महिन्यांत पाळणा हलणार आहे. शक्य असेल तर नवऱ्यालाही शेजारी बसवून ऐकवा. आणि आईलाही. आईला का, ते पुढे कळेलच.

तुम्ही प्रेग्नंट आहात हे घरच्यांच्या आधी इन्स्टाग्रामला कळतं, हो ना? मग सुरू होतात जाहिराती. त्यातली एक हमखास हिप्नोबर्थिंगची, म्हणजे बाळंतपणासाठी स्वसंमोहन शिकवणाऱ्या क्लासची. आत जाऊन बघितलं की दोन पर्याय दिसतात: ग्रुप बॅच आणि पर्सनल सेशन. पर्सनलची फी अर्थातच बरीच जास्त. मग रात्री झोपताना डोक्यात चक्र सुरू होतं. जास्त पैसे भरले तर बाळंतपण जास्त शांत होईल का? आणि नाही भरले, तर आपण बाळासाठी काटकसर केली असं होईल का?

तर आधीच सांगते: नाही. दोन्ही प्रश्नांचं उत्तर नाही. हा निर्णय फी बघून घ्यायचाच नाही. तीन गोष्टी बघायच्या. तुमची भीती कसली आहे? कळा सुरू होतील तेव्हा तुमच्या शेजारी कोण असेल? आणि घरी रोजचा सराव कसा होणार? एकेक करून बघू.

आधी हे आहे तरी काय?

संमोहन म्हटलं की आपल्याला स्टेजवरचा जादूगार आठवतो. हे तसं नाही. इथे तुम्ही झोपत नाही, बेशुद्ध होत नाही, तुमच्यावर कोणी ताबा मिळवत नाही. एखादा सिनेमा बघताना आपण इतके रंगतो की कोणी हाक मारली तरी ऐकू येत नाही. तशी ती अवस्था. फरक इतकाच की इथे तुम्ही ठरवून, श्वासाच्या आणि शब्दांच्या मदतीने तिथे जाता. म्हणून स्वसंमोहन.

यामागचा विचार जुना आहे. ग्रँटली डिक-रीड नावाचे एक ब्रिटिश डॉक्टर होते. १९३३ साली त्यांचं 'नॅचरल चाइल्डबर्थ' हे पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: भीती वाटली की अंग आवळतं, अंग आवळलं की दुखणं वाढतं, आणि दुखणं वाढलं की भीती आणखी वाढते. हे चक्र कुठेतरी तोडायचं. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेत मेरी मोंगन यांनी त्यात संमोहन आणून 'हिप्नोबर्थिंग' नावाची पद्धत सुरू केली.

क्लासमध्ये शिकवतात काय? संथ श्वास. जबडा, खांदे, हाताच्या मुठी सैल सोडणं. डोळे मिटून एखादं चित्र मनात धरणं. कळ येते-जाते तिला लाट समजणं. सोबतच्या माणसाने पाठीवर हात कसा ठेवायचा, काय बोलायचं, मुख्य म्हणजे काय बोलायचं नाही. आणि घरी ऐकायला एक ऑडिओ.

अपेक्षा किती ठेवायची?

इथे जरा थांबू, कारण जाहिराती इथेच आपल्याला गंडवतात.

इंग्लंडमध्ये ६८० पहिलटकरणींवर एक मोठी चाचणी झाली. निकाल २०१५ मध्ये आला. त्यात बायकांना स्वसंमोहनाची दोन ग्रुप सेशन दिली, प्रत्येकी दीड तासाची, साधारण ३२व्या आणि ३५व्या आठवड्यात. शिवाय रोज ऐकायला ऑडिओ. त्यांनी एपिड्युरल, म्हणजे पाठीतलं वेदनाशामक इंजेक्शन, कमी घेतलं का? फारसा फरक पडला नाही. त्याआधी डेन्मार्कमध्ये १२२२ बायकांची अशीच चाचणी झाली होती, एकेक तासाचे तीन क्लास. तिथेही एपिड्युरलच्या बाबतीत तेच.

मग काहीच उपयोग नाही का? आहे. इंग्लंडच्या चाचणीत बाळंतपणानंतर दोन आठवड्यांनी विचारलं, तेव्हा क्लास केलेल्या बायकांनी सांगितलं की आधी वाटलं होतं त्यापेक्षा भीती आणि चिंता कमी वाटली. डेन्मार्कमध्येही क्लास केलेल्यांचा एकूण अनुभव जास्त चांगला होता. म्हणजे या क्लासकडून मागायचं ते हे: भीती कमी व्हावी. 'दुखणार नाही' किंवा 'नॉर्मलच होईल' असं कोणी वचन देत असेल तर तिथून नमस्कार करून निघायचं.

कारण नॉर्मल की सिझर, हे फक्त तुमच्या मनावर नसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात, आणि खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के. खासगीत जवळजवळ दोनातलं एक! तेव्हा जो क्लास सिझरची तयारीच करून घेत नाही, तो अर्धा अभ्यासक्रम सोडून परीक्षेला बसवतोय. आणि उद्या सिझर झालं, एपिड्युरल घेतलं, तर 'माझा सराव कमी पडला' असं वाटून घ्यायचं कारण नाही. ऑपरेशन टेबलवरही संथ श्वास कामाला येतोच.

आता एक लक्षात घ्या. या दोन्ही चाचण्यांमधले क्लास काही तासांचे आणि ग्रुपचे होते. म्हणजे जो काही फायदा दिसला, तो स्वस्तातल्या पर्यायातही मिळतो. पर्सनल सेशन ही वरची पायरी नाही. तो वेगळ्या गरजेसाठीचा पर्याय आहे. ती गरज कोणती?

पहिला प्रश्न: तुमची भीती कसली?

भीती ढोबळमानाने दोन प्रकारची असते. एक, सगळ्यांची असते ती. किती दुखेल, मला जमेल का, मी ओरडेन का, लेबर रूममध्ये सगळ्यांसमोर लाज वाटेल का. या भीतीला ग्रुपसारखं औषध नाही. समोरची म्हणते, "मला तर रात्री झोपच लागत नाही," आणि तुम्हाला एकदम हलकं वाटतं. अरे, मी एकटी नाही! नवऱ्यांचंही तेच. घरी 'हो हो, बघू' म्हणणारा माणूस, समोर आणखी पाच नवरे पाठ चोळायला शिकताना बघून गुपचूप शिकतो. आणि बाळ झाल्यावर रात्री तीन वाजता "तुझंही झोपत नाहीये का?" असा मेसेज करायला मैत्रिणी मिळतात, तो बोनस.

दुसरी भीती मात्र खास तुमची असते. आधीचं बाळ गेलं असेल. आधीच्या बाळंतपणात तुम्हाला विचारल्याशिवाय काही केलं गेलं असेल, कोणी हात उगारला असेल, घालून-पाडून बोललं असेल. लहानपणी किंवा नंतर कोणी नको तसा स्पर्श केला असेल आणि आता तपासणीच्या नुसत्या विचाराने अंगावर काटा येत असेल. खूप वर्षं वाट बघून आयव्हीएफने दिवस राहिले असतील. अशा वेळी दहा जणांत बसून डोळे मिटणं अवघड जातं. डोळे मिटले की नेमकं तेच समोर येतं, आणि रडू आलं तर सगळ्यांना समजावून सांगायची आणखी एक कामगिरी. इथे पर्सनल सेशनचे पैसे सत्कारणी लागतात. तुमच्या गतीने चालता येतं, नको ते शब्द वगळता येतात, मध्येच थांबता येतं. आणि तो घाव खोल असेल, झोप-जेवण उडालं असेल, तर क्लास पुरेसा नाही. आधी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. मानसिक आजाराची औषधं चालू असतील, तर कुठल्याही संमोहनाआधी त्या डॉक्टरांना विचारायचंच.

आणखी एक सोपी कसोटी: तुमचा प्रश्न तुम्ही दहा जणांसमोर मोठ्याने विचारू शकाल का? हो असेल तर ग्रुप. नाही असेल तर पर्सनल, निदान एक सेशन तरी.

दुसरा प्रश्न: शेजारी कोण असेल?

हा प्रश्न परदेशी पुस्तकं आपल्यासाठी सोडवत नाहीत. तिथे गृहीत धरलेलं असतं की नवरा सोबत असणार. आपल्याकडे काय होतं? समजा, एक मुलगी पुण्यात नोकरी करते. नवऱ्यासोबत शनिवार-रविवारची कपल बॅच करते. सगळं छान शिकून होतं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते, साताऱ्याला. आणि कळा सुरू होतात तेव्हा नवरा खंबाटकी घाटात ट्रॅफिकमध्ये, आणि शेजारी असते आई. आईला ना श्वास माहीत, ना लाट. ती बिचारी कळवळून म्हणते, "सोस गं बाई, बाईच्या जन्माला चुकलंय का!" झालं. सगळ्या सरावावर पाणी.

म्हणून आधी दवाखान्यात विचारा: लेबर रूममध्ये सोबत कोणाला येऊ देता? सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीण ठेवायला केंद्र सरकारने २०१६ मध्येच परवानगी दिली आहे, आणि ती शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली बाई असावी, असं त्यात आहे. खासगीत ज्याचे-त्याचे नियम. काही ठिकाणी नवऱ्याला प्रवेश आहे, काही ठिकाणी नाही. आणि सोबतीचं महत्त्व मोठं आहे बरं का. २६ अभ्यास आणि १५ हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा सतत कोणीतरी सोबत असलेल्या बायकांमध्ये नॉर्मल डिलिव्हरीचं प्रमाण जास्त दिसलं.

मग निवड कशी करायची? नवराच सोबत असणार असेल, तर कपल बॅच उत्तम. आई, सासू किंवा बहीण असणार असेल, तर बॅचवाल्यांना विचारा, त्यांना बसवता येईल का. नाही म्हणाले, तर एखादं पर्सनल सेशन व्हिडिओ कॉलवर आईसोबत घ्या, आणि मराठीत. इंग्रजीतल्या 'रिलॅक्स'ने आईचा हात सैल होणार नाही. तुमचाही होईलच असं नाही. कळ आल्यावर तोंडातून 'आई गं' निघतं, तर धीराचे शब्दही त्याच भाषेतले हवेत. "सोड... खांदे सोड... ही गेली बघ," एवढं आईला शिकवलं तरी पुष्कळ झालं.

तिसरा प्रश्न: सराव कसा होणार?

क्लास किती तासांचा? तीन, सहा, फार तर बारा. बाकी सगळं घरी. रोज पंधरा-वीस मिनिटं ऑडिओ ऐकून अंग सैल सोडायचा सराव केला, तरच कळांच्या वेळी ते आपसूक आठवेल. जिमची वर्षाची फी भरून जानेवारीतच जाणं बंद करणारे आपण! तेव्हा स्वतःचा स्वभाव ओळखा. चारचौघांत असलं की तुमच्याकडून होतं? मग ग्रुप घ्या. 'आज केलंस का' म्हणून विचारणाऱ्या मैत्रिणी लागतात. शिफ्टची ड्युटी आहे, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, ठरलेली वेळ पाळताच येत नाही? मग पर्सनल; पण तारखा आधीच ठरवून घ्या, नाहीतर 'पुढच्या आठवड्यात बघू' करत नववा लागतो.

पैसे भरण्याआधी हे विचारा

एक, बॅचमध्ये किती जोड्या? पाच-सहा असतील तर तो ग्रुप. झूमवर साठ जण आणि सगळे म्यूट, तर ते व्याख्यान झालं. त्याला ग्रुपची फी देऊ नका.
दोन, शिकवणाऱ्यांनी हे कुठे शिकलं? बाळंतपण प्रत्यक्ष पाहिलंय का?
तीन, सिझर, एपिड्युरल, कळा आणायचं औषध, यांबद्दल शिकवता का?
चार, मराठीत ऑडिओ आहे का? नसेल तर तुमच्या फोनवर तुमच्या माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करायला मदत कराल का?
पाच, आधी बॅच आणि मग गरज लागली तर एकच पर्सनल सेशन, असं चालेल का? बऱ्याच जणींसाठी हाच मधला मार्ग सगळ्यात परवडणारा असतो.
सहा, डॉक्टरांचं न ऐकायला सांगतात का? सांगत असतील तर नकोच.

आणि हे कुठल्याही क्लासपेक्षा महत्त्वाचं: अंगावरून रक्त जायला लागलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, खूप डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर हेडफोन काढा आणि थेट दवाखाना गाठा. तेव्हा लाटा मोजत घरी बसायचं नाही.

आणि दोन्हींपैकी काहीच परवडत नसेल तर? तरी वाईट वाटून घेऊ नका. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरना, तुमच्या आशाताईंना लेबर रूमबद्दल मोकळेपणाने विचारा. एकदा जाऊन ती खोली बघून या. बघितलेल्या जागेची भीती निम्मी होते. आणि आजपासून रोज रात्री, तुमच्यासोबत जे कोणी असणार आहे त्याचा हात पाठीवर ठेवून, दहा मिनिटं नुसता श्वास सोडायला शिका.

चला, आजच्यापुरतं इतकंच. ज्या मैत्रिणीला सातवा-आठवा चालू आहे, तिला हा भाग पाठवा. आणि तिच्या आईलाही. प्रश्न असतील तर नेहमीसारखे व्हॉइस नोट करा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!