बियाण्याची पिशवी आणि पावती



ग्राहक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुकानाच्या फळीसमोर उभा असलेला शहरी माणूस येतो. शेतकरी माल पिकविणारा, विकणारा. तो कसला ग्राहक, अशी समजूत फार दिवस होती. पण मृगाच्या तोंडावर तालुक्याच्या गावी जाऊन तो जी खरेदी करतो, तिच्याइतकी जोखमीची खरेदी शहरात क्वचितच कोणी करीत असेल. साबण वाईट निघाला तर एक वडी वाया जाते. बियाणे वाईट निघाले तर हंगाम जातो. पिशवीचे पैसे गेले, नांगरट गेली, खत आणि मजुरी गेली, आणि वापसा पुन्हा वेळेवर मिळेलच असे नाही.

2020 च्या खरिपात महाराष्ट्रात सोयाबीन उगवले नाही म्हणून तक्रारींची रीघ लागली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपण होऊन त्याची दखल घेतली. अशा वेळी कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते : पाऊस पुरता झाला नव्हता, बी खोल पडले, दोष तुमच्या पेरणीचा. कधी कधी ते खरेही असते, हे नाकारून चालणार नाही. सोयाबीनचे टरफल नाजूक. आदळआपट झाली, बी खोल गेले, तर ते रुसते. पण खरे काय ते कंपनीनेच ठरवायचे, हा कुठला न्याय?

हा प्रश्न आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांमुळे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. समोर होते राष्ट्रीय बीज निगम. शेतकरी धंद्यासाठी बी घेतो, म्हणून तो ग्राहक नव्हे, असेही तिथे मांडले गेले. जानेवारी 2012 मध्ये न्यायालयाने ते मानले नाही. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, असा निकाल झाला. शेतकरी घेतलेले सगळे बी पेरून टाकतो, तपासणीसाठी नमुना राखून ठेवत नाही, तेव्हा त्याच्याकडे नमुना मागत बसू नये, हेही न्यायालयाने ओळखले. शेताचा बांध ज्याने पाहिला आहे त्याला हे सांगावे लागत नाही. न्यायालयाने ते लिहून ठेवले, हे महत्त्वाचे.

आता ग्राहक ठरलो, तरी पुरावा हवा. इथेच आपण अडतो. खरेदी बहुधा उधारीची असते. पावती मागितली की दुकानदार म्हणतो, "अण्णा, पावती कशाला? मी काय पळून चाललोय?" आणि अण्णा संकोचतात. पावतीवर वाणाचे नाव, लॉट नंबर आणि किंमत असलीच पाहिजे. पाठकोऱ्या चिठ्ठीवरचा आकडा कामाचा नाही. पिशवी खालच्या बाजूने फोडावी, म्हणजे वरची खूणचिठ्ठी शाबूत राहते. मूठभर बी पिशवीतच राहू द्यावे. उगवण झाली नाही तर रान मोडण्यापूर्वी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तालुक्याची समिती शेतावर येऊन पंचनामा करते. घाईने दुबार पेरणी केली की पंचनाम्याला काही उरत नाही. पण पाऊस निघून चालला असता थांबायचे कसे? म्हणून अर्ज पहिल्या चार दिवसांतच गेला पाहिजे.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची आहे, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही.

गावातल्या शिक्षकांना एक काम सुचवितो. अर्ज लिहून देणे हे तर आहेच, पण त्याआधीचे एक आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मुले मोकळी असतात. घरोघरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडावे, गुंडाळावे, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडावे. सात-आठ दिवसांनी उघडून चांगले मोड आलेले दाणे मोजावे. सोयाबीनला शंभरांत निदान सत्तर उगवले पाहिजेत, असे सरकारी प्रमाण आहे. किती उगवले तो आकडा, लॉट नंबर आणि तारीख मुलांनी वहीत लिहावी, आणि पिशवीच्या धन्याला पेरणीपूर्वी दाखवावी.