कायद्याच्या मनातला वाचक



कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 सालचं. अश्लीलतेची कसोटी ज्यातून आपल्याकडे आली, तो इंग्लंडातला हिकलिन खटल्याचा निकाल 1868 चा. म्हणजे कल्याणकर चार वर्षं हिकलिनविनाच वाचत होते!

सरन्यायाधीश कॉकबर्न यांची कसोटी अशी: ज्यांची मनं असल्या प्रभावाला बळी पडू शकतात, त्यांच्या हाती हा मजकूर गेला तर ती बिघडतील का? या व्याख्येवर टीका करणारे ‘अश्लील’ या शब्दाच्या मोघमपणावर बोट ठेवतात. मला खुपतो तो तिच्यात गृहीत धरलेला दुबळा वाचक. त्याच्या नावानं शिक्षा होते, पण तो स्वतः साक्षीला कधी उभा राहत नाही.

र. धों. कर्व्यांच्या बाबतीत मात्र हा वाचक समोरच होता. ‘समाजस्वास्थ्य’ या त्यांच्या मासिकावरच्या 1934 च्या खटल्यातला मजकूर होता वाचकांनी विचारलेल्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरं. ज्याला जपायला कायदा धावला, तोच पत्र लिहून शंका विचारत होता. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांचे वकील होते. तरी ते खटला हरले. दंड 200 रुपये.

पुढे 1964 मध्ये ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही कादंबरी विकल्याबद्दल मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं कायम केली आणि हिकलिन आपल्या घटनेच्या छत्राखाली आला.

खरी मौज चंद्रकांत काकोडकरांच्या खटल्यात आहे. पुण्याच्या ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ कथा आली आणि एका नीतिरक्षक गृहस्थांनी फिर्याद केली. खालच्या कोर्टात सुटका, उच्च न्यायालयात लेखक आणि प्रकाशकाला प्रत्येकी 25 रुपये दंड, वर अंक नष्ट करण्याचा हुकूम! सर्वोच्च न्यायालयानं 1969 मध्ये निर्दोष ठरवताना कथेच्या वाङ्मयीन दर्जाचं काही कौतुक केलं नाही. मला तो निकाल म्हणूनच आवडतो. सामान्य कथा लिहिणं हा गुन्हा नव्हे, नाहीतर निम्मे दिवाळी अंक तुरुंगात गेले असते. पण 25 रुपयांसाठी सात वर्षं? दंड कोर्टानं रद्द केला, ती वर्षं कोण परत करणार?

2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयात अवीक सरकार खटल्यात हिकलिनला निरोप मिळाला; ‘समकालीन समाजाचे निकष’ आले. टाळ्या पडल्या. माझा हात आखडला. समाज म्हणजे कल्याण स्टेशनच्या पूर्वेचा की पश्चिमेचा? दुबळ्या वाचकाच्या जागी दुखावलेला समाज बसला, एवढंच. 1994 मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या नियतकालिकात छापलेल्या वसंत दत्तात्रेय गुर्जरांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2015 मध्ये आला. थोर व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घातले तर निकष आणखी कडक, असं न्यायालयानं म्हटलं. संपादक सुटले, कारण त्यांनी माफी मागितली होती. कवीला मात्र खटल्याला सामोरं जायचं होतं.

1 जुलै 2024 पासून दंडसंहितेचं अश्लीलतेबद्दलचं 292 कलम गेलं आणि भारतीय न्याय संहितेचं 294 आलं. व्याख्येचा गाभा तोच, दंडाची रक्कम वाढली. ‘लोकहितासाठी’ असलेल्या साहित्याला सूटही पूर्वीसारखीच. पण ती मिळते खटला उभा राहिल्यावर. म्हणून आपल्या या सभेच्या संध्याकाळच्या ठरावात एक मागणी घालावी, असं मी सुचवतो: पुस्तकावर गुन्हा नोंदवण्याआधी ते अख्खं वाचलं गेलं पाहिजे, आणि कोणत्या वाचकावर त्याचा काय परिणाम झाला, हे फिर्यादीनं लेखी सांगितलं पाहिजे. मसुदा इथं जमलेल्या वकील मंडळींनी करावा.