मोडीत काढलेला संगणक आम्ही पुन्हा जुंपला
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलायला जाणकार मंडळी बसली आहेत. मला मिळालेली दहा मिनिटं मी एका जुन्या संगणकावर बोलण्यात घालवणार आहे. हसू नका. हिशेब ऐकलात की हा विषयही कापसाचाच आहे, हे तुमच्या ध्यानात येईल.

आपल्या तालुका कार्यालयातला संगणक २०१५ सालचा. सभासदांची यादी, पीकविम्याच्या तक्रारी, निवेदनं, पावसाच्या नोंदी, सगळं त्याच्या पोटात. त्यावर विंडोज १० चालत होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सुरक्षेची नेहमीची दुरुस्ती थांबवली. नोंदणी करणाऱ्यांना वर्षाची मुदत दिली, पण वर्ष सरलं की प्रश्न पुन्हा दारात उभा. विंडोज ११ टाकावं, तर त्याला सुरक्षेची ठरावीक चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आमच्या यंत्रात दोन्ही नाही. यंत्र धडधाकट, पण कागदोपत्री म्हातारं.

दुकानदार म्हणाला, "मोडीत काढा. नवा चाळीस हजारांत येईल." मी मनात माप टाकलं. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे संगणकापायी पाच क्विंटल कापूस गेला, आणि तोही हमीभाव खरोखर हातात पडला तर. कोरडवाहूत पाच क्विंटल वेचायला काय लागतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

माझी पुतणी कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "काका, मोडीत काढण्याआधी लिनक्स टाकून बघू या."

लिनक्स म्हणजे काय? यंत्राला कामाला लावणारी मूळ आज्ञावली. तिचा गाभा १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिहिला. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ पासून चालवलेलं काम त्याला जोडलं गेलं. त्याच्या परवान्याची अट समजून घ्या. ते कोणीही वापरावं, उघडून पाहावं, बदलावं, नक्कल करून दुसऱ्याला द्यावं. मात्र जो पुढे देईल, त्याने हे हक्कही सोबत द्यावेत. आपण मालदांडीची चांगली कणसं निवडून बी राखतो आणि शेजाऱ्याला पायलीभर देतो, तसंच हे. संकरित सरकीचं पाकीट मात्र दर जूनला विकत आणावं लागतं. दोन्हींतला फरक तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो.

लिनक्सचे वाण पुष्कळ. आम्ही लिनक्स मिंट घेतलं. तेव्हा नवी निघालेली २२.२ ही आवृत्ती सप्टेंबर २०२५ ची, आणि तिला २०२९ पर्यंत दुरुस्ती मिळणार आहे. तिला किमान २ जीबी मेमरी लागते, ४ असली तर बरं. आमच्यात ४ होती.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी बसलो. पहिलं काम, सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्या. हे केल्याशिवाय कोणी पुढे जाऊ नये. मग मिंटच्या संकेतस्थळावरून सुमारे तीन जीबीची फाईल उतरवली आणि तिची खूण ताडून पाहिली. बियाण्याच्या पिशवीवरचं सील बघतो ना, तसं. याला कारण आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरांनी मिंटचं संकेतस्थळ फोडून लोकांना भेसळीच्या प्रतीकडे वळवलं होतं. मिंटवाल्यांनी ते स्वतःच जाहीर केलं. बोगस बियाणं इथंही असतं.

फाईल पेनड्राईव्हवर चढवली आणि यंत्र पेनड्राईव्हवरून सुरू केलं. मला सगळ्यात पटली ती पुढची गोष्ट. डिस्कला हात न लावता आख्खं लिनक्स चालवून बघता येतं. बाजारात बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, मग पैसे मोजतो. तसंच आम्ही वाय-फाय, आवाज, प्रिंटर सगळं चालवून पाहिलं. प्रिंटरमधून कागद आला, तेव्हा माझी भीती गेली.

मग 'इन्स्टॉल'वर टिचकी मारली. भाषा कोणती, कळफलक कोणता, गाव कुठल्या वेळेत, नाव आणि पासवर्ड काय, असे मोजके प्रश्न. एक प्रश्न मात्र जपून वाचायचा. डिस्क पूर्ण पुसायची की जुन्या विंडोजशेजारी जागा करायची? पुसली की सगळं गेलं. आमच्या फायली बाहेर सुरक्षित होत्या, म्हणून आम्ही पुसली. अर्ध्या तासाच्या आत काम आटोपलं. मी दिवसभराची भाकरी बांधून गेलो होतो, ती घरी येऊन खाल्ली!

आता उणं तेही सांगतो. आमची जुनी पत्रकं डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये होती, ती उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसली. तो फॉन्ट टाकावा लागला. नवं मराठी आम्ही आता युनिकोडमध्ये लिहितो. विंडोजसाठीच बनवलेले काही हिशेबाचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालत नाहीत. ज्यांचं पोट अशा प्रोग्रॅमवर आहे, त्यांनी आधी चौकशी करावी, मगच हात घालावा. पण आमची पत्रं, तक्ते, सातबारा काढणं, निवेदनं छापणं, यातलं काही अडलं नाही.

फुकट मिळतं म्हणून घ्या, असं मी म्हणणार नाही. फुकटाच्या मागे लागून शेतकऱ्याचं भलं झालेलं नाही. खर्च यालाही आहे. मिंट देणग्यांवर आणि प्रायोजकांवर चालतं. लिनक्सच्या गाभ्यावर राबणारे पुष्कळ अभियंते मोठ्या कंपन्यांचे पगारी आहेत, कारण त्या कंपन्यांचंही काम त्यावर चालतं. ज्याला जमेल त्याने चार पैसे द्यावेत. घ्यायचं ते यासाठी की आपलं यंत्र कधी म्हातारं झालं, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे राहतो.

इतकी वर्षं आम्हाला कोणी अडवलं होतं? कोणीच नाही. "आपल्याला जमायचं नाही" एवढीच अडचण होती.

तो पेनड्राईव्ह मी खिशात घालून आणला आहे. त्याची नक्कल करून देणं कायद्याने चोरी नाही. ज्या तालुक्यात जुना संगणक पोत्याखाली पडून असेल, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटावं. येताना फायली उतरवायला डिस्क आणा, आणि घरातली एखादी शिकती पोरगी किंवा पोरगा सोबत आणा.