उतारावरची बाग आणि पाण्याची चाल



आजच्या भाषणाचा विषय बागेचा आहे. परंतु ही बाग सपाट अंगणांतील नसून टेकडीच्या उभ्या उतारावरील आहे. पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी सपाटी जेथें संपते आणि अजिंठ्याच्या रांगेचे उंचवटे जेथें सुरू होतात, त्या सीमेवर आमचें खामगांव वसलें आहे. गांव वाढूं लागलें तसतशीं घरें मुरमाड उतारांवर चढूं लागलीं, आणि अशा घरांच्या मालकांस एक हौस हटकून असते. केळीचीं रुंद पानें, ताडामाडांचे झुबके, कर्दळीचे ताटवे आणि पायरीपायरीनें खालीं उतरत जाणारी गर्द झाडी आपल्या दारीं असावी, असें त्यांना वाटतें. हौसेनें रोपें आणली जातात. श्रावणांत तीं डोलतात आणि वैशाखांत करपून जातात. मग 'आपला प्रदेशच रुक्ष' असा निकाल देऊन मंडळी मोकळी होतात.

हा निकाल मला मान्य नाहीं. जन्मभर मुलांना भूगोल शिकविलेला मी मास्तर; नकाशा पाहिल्याखेरीज बोलत नाहीं. खामगांव कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे पावणेएकवीस अंशांवर आहे. म्हणजे आपण उष्ण कटिबंधांतच राहतों. उष्णता आपणांस उसनी आणावयाची नाहीं. उणीव आहे ती ओलाव्याची आणि सावलीची, आणि उतारावर या दोन्ही गोष्टी माणसाला घडवाव्या लागतात. तात्पर्य, अशा बागेचा आरंभ रोपापासून न होतां पाण्याच्या चालीपासून होतो.

या रचनेचा उत्तम नमुना म्हणजे गोव्यांतील कुळागर. फोंडा तालुक्यांत डोंगरांच्या कुशींत अशीं कुळागरें पाहावयास मिळतात. वरच्या अंगास झरा असतो आणि त्याचें पाणी पाटानें एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर उतरत जातें. सर्वांत उंच माड, त्याखालीं पोफळी, पोफळींच्या अंगावर मिरीचे वेल, त्याखालीं केळी आणि जमिनीलगत अननस, आलें, हळद. वरचें झाड खालच्यास छाया देतें आणि गळलेलीं पानें जमिनीचें पांघरूण होतात. मात्र तेथें वर्षाकाठीं सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे ७०० ते ८००. पोफळीस आपल्या उन्हाच्या झळा सोसावयाच्या नाहींत. यास्तव कुळागरांतील झाडांची यादी सोडून द्यावी आणि त्याची रचना तेवढी उचलावी.

ही रचना येथें लागू पडेल कीं नाहीं, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. तिचें उत्तर आपल्याच जिल्ह्यांत, लोणारला आहे. तेथील विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरांच्या आसपास खोल आहे. उन्हाळ्यांत वरचें पठार उघडें पडतें. परंतु आंतल्या उतारावर धारेच्या बारमाही झऱ्याच्या अंगानें हिरवळ टिकून राहते. २००० सालीं विवर अभयारण्य झालें. त्यापूर्वीं आंत केळी-पपईची लागवडहि होत असे. पाऊस वर आणि खालीं सारखाच. फरक पडतो तो आडोशानें आणि झिरपणाऱ्या पाण्यानें.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. दिवाळीनंतर बांध घालण्यास आरंभ करावा. वरची सुपीक माती खरवडून बाजूस ठेवावी. गवंड्याजवळ पाणी भरलेली पारदर्शक नळी असते. तिच्या दोन्ही टोकांची पातळी पाहून उतारावर समपातळीच्या रेषा चुन्यानें आंखाव्या. त्या रेषांवर दगड कोरडेच रचावे; सर्वांत मोठे पायाला, आणि प्रत्येक थर किंचित् डोंगराकडे कललेला. बांधाची उंची कमरेवर नेऊं नये. त्याहून उंच भिंत हवी असल्यास जाणत्या इंजिनियरास विचारावें. बांधाच्या पाठीशीं काळी माती मात्र कदापि भरूं नये. ती भिजली कीं फुगते, वाळली कीं आकसते, आणि असें करतां करतां चांगली भिंतहि पुढें ढकलते. पाठीशीं हातभर खडी व मुरूम भरावा; काळी माती शेणखतांत मिसळून मधल्या वाफ्यांत घालावी. टप्प्याचा ढाळ किंचित् आंतल्या बाजूस ठेवावा आणि अधिक झालेलें पाणी एका कडेनें दगडी पायऱ्यांवरून उतरेल अशी वाट करून द्यावी.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटरांच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर ७०,००० लिटर पाणी होतें. केळीच्या एका झाडास भर उन्हाळ्यांत दिवसाला पंधरा-वीस लिटर लागतें. म्हणजे दहा झाडांस शंभर दिवसांत फार तर २०,००० लिटर. गच्चीवरच्या पाण्याचा तिसरा हिस्सा सांठवितां आला तरी एवढें भागतें. टाकें बागेच्या माथ्यावर असावें, म्हणजे पाणी आपल्या वजनानेंच खालीं उतरतें. शिवाय मोरीचें पाणी आहेच. परसांतल्या मोरीपाशीं अळू, केळ आणि कर्दळ लावण्याची आपल्या आजीपणजीची रीत अद्यापि शहाणपणाची आहे.

बांध बसल्यावर पहिल्या पावसाळ्यांत फक्त सावली लावावी. पश्चिमेकडून येणारें ऊन व वारा अडविण्यास बांबू आणि टप्प्यांच्या कडेनें शेवगा, हादगा, पांगारा. दुसऱ्या पावसाळ्यांत त्यांच्या छायेंत केळ, कर्दळ, सोनटक्का, हळद. तळाच्या टप्प्यांत ओल अधिक, म्हणून अळू आणि केळी तेथें. माथ्यावर चाफा आणि कोरफड. ताडाची हौस शिंदीनें भागवावी. ती आपल्या नाल्यांच्या कांठीं न लावतां वाढते. वाफे सोयाबीनच्या कुटारानें आणि पालापाचोळ्यानें चार बोटें झांकलेले असावे.

कोणी म्हणेल, पाण्यासाठीं घागरी मोजणाऱ्या गांवांत हा थाट कशासाठीं? आक्षेप योग्य आहे. ज्या बागेसाठीं उन्हाळ्यांत टँकर बोलवावा लागेल ती बाग आपल्याकडे शोभेची नसून उधळपट्टीची होय. टाकें अर्ध्यावर आलें कीं केळी कमी कराव्या. बाग टांक्याच्या मापाची असावी, टाकें बागेच्या हौसेचें असूं नये. परंतु उघडा उतार ठेवणेंहि निर्दोष नाहीं. उतारावर राहणारा मनुष्य आपलें पाणी आणि आपली माती खालच्या घराच्या दारांत सोडीत असतो. टप्पे घालून तें पाणी जिरविलें, तर बाग वरच्याची होते आणि विहीर खालच्याची भरते.

म्हणून येत्या पावसाळ्यांत पहिली मोठी सर कोसळेल तेव्हां छत्री घेऊन आपल्या उतारावर उभें राहावें. पाणी कोठून येतें, कोठें वळतें आणि कोणाच्या दारांत जातें, तें नीट पाहावें. बागेचा आराखडा त्यानंतर कागदावर काढावा.