हनुवटीवरचे केस आणि ‘परमनंट’ या शब्दाचा घोळ

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय स्पीकरवर ऐकलात तरी चालेल, पण मला बोलताना जरा बरं वाटेल. एपिसोड छोटासाच आहे, पण तो रेकॉर्ड करायचा धीर गोळा करायला मला तीन महिने लागले. विषय आहे माझ्या हनुवटीवरचे केस. हो, मुलीच्या हनुवटीवरचे.

मी पुण्यात, हिंजवडीत बॅकएंडचं काम करते. माझ्या बॅगेत चार्जर, आयडी कार्ड आणि एक प्लकर कायम असतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पहिला जाड केस दिसला, आणि तेव्हापासून रोज सकाळी आरशासमोर पंधरा मिनिटं. आईने हळद-बेसन लावून दिलं आणि वर सांगितलं, “कुणाला सांगत बसू नकोस.” मग मी कुणाला सांगितलंच नाही. स्टँडअपला कॅमेरा बंद ठेवायचे, म्हणायचे नेटवर्क वीक आहे. टीममध्ये सगळ्यांना वाटायचं आमच्याकडे इंटरनेट फारच वाईट आहे.

पुढे पाळी अनियमित झाली म्हणून गायनॅककडे गेले आणि कळलं, पीसीओएस. यात अँड्रोजेन हार्मोन्सचा परिणाम वाढतो आणि चेहऱ्यावरची जी बारीक लव असते तिचे जाड, काळे केस व्हायला लागतात. औषधांनी नवे केस येण्याचा वेग कमी होऊ शकतो, पण आधीच जाड झालेले केस गोळी घेतली म्हणून गळून पडत नाहीत. तुमच्याही चेहऱ्यावर केस अचानक वाढायला लागले असतील, पाळी पुढे-मागे होत असेल, तर पार्लरच्या आधी डॉक्टर गाठा. हे मी उशिरा केलं.

मग लेझर. एका क्लिनिकमध्ये आठ सिटिंगचं पॅकेज घेतलं, ईएमआयवर. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मॅम, परमनंट आहे.” आता हा शब्द नीट ऐका. अमेरिकेची एफडीए लेझरला ‘परमनंट रिडक्शन’ म्हणू देते, म्हणजे केस बऱ्याच काळासाठी कमी होतात. ‘परमनंट रिमूव्हल’ म्हणजे कायमचं काढणं, आणि तो शब्द इलेक्ट्रोलिसिससाठी आहे. दोन शब्दांमधला हा फरक पॅकेज विकताना कुणी सांगत नाही.

लेझर काम करतो केसातल्या मेलॅनिनवर, म्हणजे काळ्या रंगावर. काळा रंग प्रकाश शोषतो, तापतो आणि मूळ भाजतं. त्यामुळे पांढऱ्या किंवा अगदी फिकट केसावर लेझर जवळजवळ निरुपयोगी. माझे हनुवटीवरचे काळे केस कमी झाले, हे खरं. पण जबड्याच्या कडेला जिथे आधी नुसती लव होती, तिथे ती जाड व्हायला लागली. मला वाटलं माझाच भ्रम. नंतर कळलं की हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. क्वचित होतो, पण सावळ्या कातडीच्या, हार्मोन्सचा त्रास असलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर तो दिसतो. पैसे भरण्याआधी हे एका वाक्यात सांगता आलं असतं ना?

इलेक्ट्रोलिसिस म्हटलं की बारावीची केमिस्ट्री आठवते. बीकर, दोन इलेक्ट्रोड, मिठाचं पाणी. गंमत म्हणजे इथेही तेच आहे, फक्त बीकर आपल्या कातडीत! केस ज्या नैसर्गिक छिद्रातून बाहेर येतो, त्यातून केसाइतकी बारीक सुई फॉलिकलपर्यंत सरकवतात. सुई ऋण टोक, आणि धन टोक तुमच्या हातात धरायला देतात. डीसी करंट सोडला की तिथल्या मीठ आणि पाण्यापासून सोडियम हायड्रॉक्साइड तयार होतं, म्हणजे कॉस्टिक सोडा. तो त्या मुळाला नष्ट करतो. १८७५ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने हे आत वळून बुबुळाला टोचणाऱ्या पापण्यांसाठी वापरलं. म्हणजे सुरुवात सौंदर्यासाठी नव्हतीच, डोळे वाचवायला होती.

दुसरा प्रकार थर्मोलिसिस. त्यात हाय फ्रिक्वेन्सीचा एसी करंट असतो आणि मूळ उष्णतेने जातं. हा जलद. दोन्ही एकत्र केले की त्याला ब्लेंड म्हणतात. माझ्या डॉक्टरबाई थर्मोलिसिस करतात.

दुखतं का? दुखतं. गरम टाचणी टोचल्यासारखं, प्रत्येक केसाला एकदा. हनुवटीवर सहन होतं, वरच्या ओठावर डोळ्यांतून आपोआप पाणी येतं. आधी बधिर करणारी क्रीम मिळते, ती मागून घ्या. काम नीट झालं असेल तर केस चिमट्याने अलगद सरकून येतो. उपटल्यासारखा झटका बसला, तर तो नुसता उपटलाच आहे, हे लगेच बोलून दाखवा. सुई नवी, सीलबंद आहे ना, हेही डोळ्यांनी बघा. नंतर लाली येते, कधी बारीक खपल्या धरतात. त्या खरवडल्या तर आपल्या कातडीवर काळे डाग राहू शकतात, आणि उन्हात सनस्क्रीन हवंच. पेसमेकर असेल तर हे करू नका.

पण माझ्यासाठी खरं अवघड दुखणं नव्हतंच. केस चिमट्यात धरता यायला हवा, म्हणून आधी दोन-तीन दिवस तो वाढू द्यावा लागतो. उपटायचं पूर्ण बंद. एरवी रेझर चालतो (नाही, रेझरने केस जाड होत नाहीत). दहा वर्षं जे लपवलं ते घेऊन ऑफिसला जायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा कँटीनमध्ये मैत्रीण समोर बसली, तिने बघितलं आणि म्हणाली, “मला पण आहेत.” एवढंच, आणि मग आम्ही मिसळ खाल्ली.

आणि वेळ लागतो. सगळे केस एकाच वेळी बाहेर नसतात, काही मुळं झोपलेली असतात. एखादा बग कधी दिसतो, कधी नाही, तसंच. म्हणून दर एक-दोन आठवड्यांनी जायचं, वर्ष किंवा जास्तही. माझे चौदा महिने झाले. पीसीओएसमुळे नवी लव जाड होतच राहते, म्हणजे ‘कायमचं’ हे त्या एका मुळापुरतं खरं, माझ्या अख्ख्या चेहऱ्यासाठी नाही. तरी सकाळची पंधरा मिनिटं आता दोनवर आली आहेत.

गेल्या रविवारी आईचा फोन आला. इकडचं-तिकडचं झालं, आणि हळूच विचारते, “ते पांढऱ्या केसांवर पण होतं का गं? मला दोन आहेत हनुवटीवर.” म्हटलं, “होतं आई.” शनिवारी ती एसटीने येतेय, दोघींची अपॉइंटमेंट एकाच वेळी घेतली आहे.